थरथरतं ताट

दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर जमिनीपर्यंत मखमल सोडलेलं टेबल, त्यावर पाण्याने भरलेलं पितळी ताट, आणि पलीकडे उंच खुर्चीत थरथरबाबा. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं, यावरून माणसाची ओळख पटावी.

"ताटाला हात लावा! अंगात कुणाचा आत्मा दडला असेल तर पाणी बोलेल!"

एका जाडजूड गृहस्थांनी हात लावला. पाणी ढिम्म.

"सुटलात!" बाबा म्हणाले, आणि गृहस्थ निवडणूक जिंकल्यासारखे मागे फिरले.

पुढचा नंबर बेकरी चालवणाऱ्या भावाबहिणीतल्या धाकटीचा. दादा भट्टी सांभाळायचा, ती केकवर नक्षी काढायची. वडील कंपवाताने गेले होते. हल्ली तिला काही कारण नसताना धडकी भरायची, छाती धडधडायची, झोप उडायची. तपासणीत वडिलांचं कंपवाताशी जोडलेलं जनुक तिच्यातही निघालं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "हे जनुक असलं म्हणजे कंपवात होतोच असं नाही. पण काहींच्या मेंदूत हात कापायच्या कितीतरी आधी बारीक बदल सुरू होतात, आणि अशा भीतीचा त्यांच्याशी संबंध असू शकतो. तुझं तसंच आहे का, ते आज सांगता येणार नाही. भीतीवर मात्र उपचार आहेत. ते आजच सुरू करू."

त्या 'सांगता येणार नाही'ने दादाचा जीव खाल्ला. इथे बाबा तर सगळंच सांगत होते! त्यांची अट एकच, गोळ्या कायमच्या सोडायच्या. धाकटी भीतीने इतकी थकली होती की शेवटी दादाचं ऐकून त्याच्यासोबत गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. ते तिने टेबलावर ठेवलं आणि ताटाला हात लावले.

पाण्यावर वर्तुळं उठली. हॉलभर "अगंबाई!" झालं.

"बाप आहे आत!" बाबा गरजले. "बापाचा कंप लेकीत उतरलाय! गोळ्या फेक, ते नक्षीकाम सोड..."

पण धाकटीचे हात सवयीचे गुलाम होते. बेकरीत पीठ मळायचं यंत्र सुरू झालं की टेबल हादरतं आणि केकवर नुकत्याच ओतलेल्या पातळ चॉकलेटवर अशाच लाटा उठतात. तेव्हा विचार करत बसायचं नसतं, केक चटकन वर उचलायचा. वर्तुळं दिसताच तिने ताट उचललं.

थोडं पाणी सांडलं, उरलेलं तिच्या हातांत शांत झालं. टेबलावरचा बाबांचा चष्मा मात्र गुरगुरत कडेकडे सरकत होता.

"ताट खाली ठेव!" बाबा ओरडले.

"बाप माझ्या अंगात आहे ना? मग टेबल का कापतंय?"

दादाने मखमल वर केली. फळीखाली मसाज करायचं यंत्र बांधलेलं, त्याची वायर बाबांच्या पायाच्या अंगठ्याखालच्या बटणाला. घाबरगुंडी उडाल्याने पाय उचलायचंच राहून गेलं होतं.

"श्रद्धा हवी, श्रद्धा!" बाबा पुटपुटले.

"माझ्या वडिलांच्या हातात शेवटी चमचाही राहत नव्हता," धाकटीचा आवाज चढला. "त्या हाताची नक्कल तुम्ही बटण दाबून केलीत. लाज वाटली नाही?" तिने गोळ्या उचलून पर्समध्ये टाकल्या.

"चुकलो गं," दादा म्हणाला. "तुझी तगमग बघवत नव्हती."

"मग माझ्यासोबत दवाखान्यात येऊन बस."

दाराशी एका म्हातारीने तिला अडवलं. "पोरी, मग तुझी भीती गेली का?"

"नाही, आजी. आत्ताही छाती धडधडतेय. उद्या कदाचित हातही कापतील. पण तो माझा मेंदू आहे, कुणाचं भूत नाही. उपचार मी सोडणार नाही, आणि कामही. तुमच्या घरी कुणाला असं होत असेल तर डॉक्टरांकडे न्या. जे त्यांना कळत नाही, ते कळत नाही म्हणून सांगतात. आणि ज्याला सगळंच कळतं असा कुणी भेटला, तर आधी वाकून त्याच्या टेबलाखाली बघा."