जांभईनं उचललेला हात

"वारं शिरलं कुठून? अंगातून! निघणार कुठून? तोंडातून!"

पवनगिरी महाराज माइकवर गरजले आणि आमच्या तामसी गावच्या मारुतीसमोरचा मांडव टाळ्यांनी दणाणला. भर दुपार, वर पत्रे, चारी कोपऱ्यांत धूप आणि रेंगाळत चाललेलं भजन. चौथऱ्यावर खुर्चीत बसली होती माझी सासू, जयवंताबाई. अंगावरून वारं गेल्यापासून तिचा डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा. महाराजांनी तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि जबडा वासून जांभई दिली. एकदा, दोनदा. मग सासूलाही जांभई आली. तिचं तोंड उघडलं आणि तो पडलेला हात कोपरात वाकून छातीपर्यंत वर आला.

बाया किंचाळल्या. शेजारच्या रेणुकाबाईंनी तिथंच लोटांगण घातलं. माझा नवरा लखन लहान पोरासारखा रडायला लागला. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

मग महाराजांची नजर सासूच्या खांद्यावरच्या निळ्या चिकटपट्टीवर गेली.

"ये क्या चिपकाया है? डॉक्टरनं तर वाऱ्याला कुलूप घातलं! तोडा कुलूप!"

ती पट्टी आदिलाबादचे फिजिओथेरपिस्ट भूषण सर लावायचे. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात, हाताचं वजन खाली लोंबतं आणि सांधा जागचा सरकतो. त्या दुखण्यानं सासू रात्ररात्र कण्हायची. पट्टी लावल्यापासून तिला झोप लागत होती. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या पट्टीनं हात चालणार नाही. खांद्याला आधार मिळेल, दुखणं कमी होईल, तेही सगळ्यांचं होतंच असं नाही. बाकी व्यायाम. आणि हात धरून कधी ओढायचा नाही." इतकं खरं बोलणाऱ्या माणसासाठी कोण मांडव घालतो?

"ओढू नका!" मी ओरडेपर्यंत महाराजांनी पट्टी कातडीसकट खसकन उपटली, सासूचं मनगट धरलं आणि हात हिसक्यानं डोक्यावर नेला. सासूनं किंकाळी फोडली.

"वारं ओरडून राह्यलं! निघालं, निघालं!" महाराजांचा सेवक दौलत माइकवर म्हणाला आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या बाईच्या किंकाळीवर माझ्या गावानं टाळ्या वाजवल्या. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरी आलो तर हात पुन्हा होता तसाच मांडीवर. खांदा मात्र सुजला, पाणी प्यायला मान वळवली तरी ती कळवळायची. लखन जाब विचारायला गेला. दौलत म्हणाला, "तुमच्या मायची श्रद्धा कमी पडली." आणि सासूनं ते खरं मानलं!

"माहीच चूक असन व अश्विनी. देवानं देल्लं, मले ठेवता नाई आलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खांदा उखडायचा यांनी आणि माफी मागायची तिनं?

एका सकाळी मी तिला चहा देत होते. तिला जांभई आली. सवयीनं तिनं उजव्या हातानं तोंडापुढे चुटकी वाजवली. आपल्याकडे सगळेच वाजवतात, उघड्या तोंडातून काही शिरू नये म्हणून. आणि डावा हात कोपरात वाकून छातीपर्यंत वर आला. महाराज नाहीत, धूप नाही, भजन नाही. समोर फक्त चहाची बशी.

"आत्याबाई, हे आधी बी होत होतं?"

"होते कधी कधी. मांडवाच्या फाटकावर त्या दौलतनं इचारलं नाई का, माय, जांभई देतानं हात हलते का म्हून? म्या हो म्हटलं."

बरोबर! मी तेव्हा तिला सांभाळत होते, कानावर पडूनही ध्यानात आलं नव्हतं. ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांना मागं बसवलं आणि आम्हाला थेट चौथऱ्यावर नेलं.

तिला घेऊन मी बसनं आदिलाबाद गाठलं. भूषण सरांनी खांदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. सांधा आणखी खाली सरकला होता. पट्टी लावावी तर कातडी सोललेली, ती भरेपर्यंत थांबणं आलं.

जांभईचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हात उचलायचा हुकूम मेंदूतून ज्या वाटेनं येतो, ती वाट लकव्यात तुटते. पण जांभई काही हुकमानं येत नाही. तिची वाट निराळी, मेंदूच्या बुंध्यातली, ती शाबूत राहते. म्हणून काहींचा हात जांभईसोबत आपोआप उठतो. जांभई सरली की खाली. पूर्ण उलगडा आम्हालाही झालेला नाही, पण त्यात बरं होणं नाही आणि महाराजांचा हात तर नाहीच."

शनिवारी पुन्हा मांडव भरला. खुर्चीत या खेपेला बाजारहत्नूर गावचे, लकवा झालेले धोंडीबाकाका होते. महाराज जबडा उघडणार तोच मी चौथऱ्यावर चढले आणि मधे बसले.

"महाराज, आज तुमी तोंड मिटून ठेवा."

आणि मी जांभई दिली. अगदी म्हशीसारखी. धोंडीबाकाकांना जांभई आली, पुढच्या दोन रांगांना आली, आणि काकांचा हात वर आला.

"पाह्यलं? मी किराणा दुकानातली बाई. मले मंतर येते का?" मी माइक ओढून घेतला. "काका, आता तोंड मिटून उचला."

काकांनी दात आवळले, कपाळाला घाम फुटला. बोटसुद्धा हललं नाही.

"नास्तिक बाईची सावली पडली!" महाराज ओरडले.

"सावली राहू द्या. दौलत, फाटकावर काय इचारते ते सांग न माइकवर!"

दौलत मागच्या मागं सरकू लागला. मागं बसवलेल्यांतले माणिकराव उठले. "मी सांगतो! जांभईनं हात हलते का, इचारते. माह्या बायकोचा हलत नाई म्हटलं तं मांगं बसवलं. अन् म्हणे श्रद्धा कमी!"

मांडवात कुजबुज वाढली. ती मोडायला महाराजांनी धोंडीबाकाकांचं मनगट धरलं, तसंच, हिसका द्यायला.

"हात नोको लावू त्याले!"

माझी सासू. मागच्या रांगेत लखनच्या आधारानं उभी राहिली होती. उजव्या हातानं तिनं पदर बाजूला केला आणि सोललेला, सुजलेला खांदा साऱ्या मांडवाला दाखवला.

"हे पाह्य तुहं कुलूप तोडणं! मी माही श्रद्धा कमी म्हून रडत बसली. श्रद्धा कमी नोयती रे मेल्या, तुले लाज कमी हाय!"

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सगळे तो खांदा बघत होते. काकांच्या लेकानं महाराजांचा हात झटकला आणि बापाला खुर्चीसकट खाली उतरवलं. संध्याकाळपर्यंत महाराजांची गाडी गावाबाहेर गेली, कोणत्या गावाला ते ठाऊक नाही. म्हणूनच हे लिहिते आहे.

लकवा झालेल्या माणसाचा हात जांभईनं उठला तर हात जोडू नका, तो त्याच्याच मेंदूचा खेळ आहे. कुणी पट्टीला चमत्कार म्हटलं तरी मानू नका, ती फक्त आधार आहे. विचारा, पुन्हा विचारा, तोंड मिटून करून दाखव म्हणा. आणि तो हात कुणालाही, देवाच्या नावानंसुद्धा, ओढू देऊ नका. सासूच्या खांद्याची कातडी अजून भरते आहे. रात्री ती कण्हते, तेव्हा गावानं वाजवलेल्या टाळ्या मला ऐकू येतात.