झुल्माबाईंच्या कार्डाचा फोटो

एक्लो गावात माणूस गेलं की चर्चमध्ये त्याचं कार्ड वाटतात. तळहाताएवढं कार्ड, एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला गेलेल्याचा फोटो. लोक ते घरी नेऊन प्रार्थनेच्या पुस्तकात खोचतात आणि पुढे दर रविवारी पान उलटताना तुमच्या तोंडाकडे बघतात. माणूस कसा जगला हे चार वर्षांत विसरलं जातं, कार्डावर कसा दिसला ते मात्र पन्नास वर्षं टिकतं. झुल्माबाई फरहाखे यांना हे पक्कं ठाऊक होतं. गावातली सगळी मेलेली माणसं त्यांच्या पुस्तकात होती आणि त्यातलं एकही त्यांच्या जिभेच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

शेजारच्या फिलोमेनचा फोटो नातीच्या लग्नातून कापलेला होता. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहून गेला होता, लाल नखांचा. बेकरीवाल्या ओडिलच्या हातातला बिअरचा ग्लास मुलांनी खोडायला लावला, त्यामुळे तो आता मूठ वळून कुणाला तरी मारायला निघाल्यासारखा दिसत होता. पाद्रीबाबांच्या बहिणीचे डोळे मिटलेलेच होते. घरच्यांना म्हणे दुसरा फोटो मिळाला नाही. "मेल्यावर तरी जागी राहायची होती," झुल्माबाई म्हणायच्या आणि पान उलटायच्या.

झुल्माबाईंनी चाळीस वर्षं नवऱ्याच्या मांसाच्या दुकानाचा गल्ला सांभाळला होता. कोण पाहुण्यांसाठी चांगलं मांस नेतं आणि घरच्यांसाठी हाडं, हे बघता बघता त्यांची माणसांबद्दलची सगळी मतं तयार झाली होती, आणि ती बदलावीत असं काही नंतर घडलं नाही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या जबड्याखाली गाठ आली. गेंटच्या सर्जनने सरळ सांगितलं की गाठ काढावीच लागेल, चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच जाते, तेव्हा अर्धा चेहरा बहुधा उतरेल. ऑपरेशन मंगळवारी ठरलं. मरणाची बाईंना फारशी पर्वा नव्हती. पण वितळलेल्या मेणबत्तीसारखं तोंड घेऊन गावातल्या बायकांच्या पुस्तकांत जाऊन बसायचं, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. मंगळवारच्या आत फोटो निघायला हवा होता, आणि तो असा, की बघणाऱ्याची मान आपोआप खाली जावी.

आता फोटो काढायला घरात माणूस नव्हता असं नाही. रूलांद, त्यांचा एकुलता एक मुलगा, त्रेसष्ट वर्षांचा, बायकोने टाकलेला आणि शाळेतून निवृत्त झालेला. त्याच्याकडे लाकडी मोठा कॅमेरा होता. तीन पायांवर उभा, मधे चामड्याचा भाता, मागे दुधी काच. त्या काचेवर चित्र उलटं पडतं, डोकं खाली आणि पाय वर, आणि ते बघायला डोक्यावर काळं कापड ओढून घ्यावं लागतं. असले कॅमेरे बाळगणाऱ्या लोकांचं एक मंडळसुद्धा होतं. महिन्यातून एकदा जमायचे, केक खायचे आणि एकमेकांना लेन्सा दाखवायचे. फोटो दाखवताना झुल्माबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घोडं अडलं होतं ते लेन्सपाशी. मोठ्या कॅमेऱ्याला चेहऱ्यासाठी लांब लेन्स लागते. आखूड असली तर कॅमेरा तोंडाजवळ न्यावा लागतो आणि नाकाचा बटाटा होतो. एवढी गोष्ट रूलांदला माहीत होती, आणि इथेच त्याची गाडी रुतली होती. ईस्टरपासून त्याने पाच लेन्सा आणल्या होत्या. एक जरा आखूड निघाली. एक इतकी लांब की भाता पुरेना. तिसरी पितळी, देखणी, पण कडांना काळपट. चौथी त्याच्या मते "फार थंड" होती, म्हणजे काय ते देव जाणे. प्रत्येक लेन्सची परीक्षा तो जिन्याखालच्या संत अंतोनीच्या पुतळ्यावर घ्यायचा. हा संत हरवलेल्या वस्तू शोधून देतो म्हणतात. त्याला समोर बसवून चार महिने झाले तरी रूलांदला एक लेन्स सापडत नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, असं झुल्माबाई रोज सकाळी त्याला कॉफीबरोबर ऐकवायच्या.

रविवारी दुपारी त्याने मदतीला गोमारला बोलावलं. गोमार मंडळाचा अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघून त्याला तोंडाबाहेरही एक चेहरा असतो याचा विसर पडला असावा. त्याने मखमली पेटीतून आपली लेन्स काढली आणि टेबलावर ठेवली तेव्हा रूलांदने चक्क श्वास रोखला. ही मवाळ लेन्स होती. शंभर वर्षांपूर्वीच्या थोर बायकांचे फोटो अशाच लेन्सने काढायचे, गोमार सांगत होता. हिच्यातून सुरकुत्या विरघळतात, कातडीवर उजेड सांडल्यासारखा दिसतो, आणि नको त्या गोष्टी, म्हणजे आता मादामनी वाईट वाटून घेऊ नये, पण जबड्याखालचं ते, त्याच्यावरसुद्धा दयेचा पदर पडतो.

"दया तुम्ही फिलोमेनच्या दातांवर केली होती," झुल्माबाई म्हणाल्या. "सूप पिताना कवळी वाटीत पडायची तिची."

गोमार हसला आणि लेन्स उचलून कॅमेऱ्याकडे वळला. मग दोघं काळ्या कापडाखाली शिरले. चार पाय आणि दोन ढुंगणं बाहेर दिसत होती, आणि आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. थोडं पुढे. नाही, मागे. प्रकाश मवाळ आहे पण मन भरत नाही. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या झुल्माबाईंनी काळा ब्लाऊज घातला होता आणि मोत्यांची माळ. त्यांची मान दुखायला लागली होती. या दोन बैलांना आपण उलट्या दिसतोय हे त्यांना कळत होतं, आणि ते बरंच आहे असंही वाटलं. सुलट दिसलो असतो तर बिचारे घाबरले असते.

अखेर फोटो निघाला. दोघं तळघरात गेले आणि तासाभराने ओला कागद चिमट्यात धरून वर आले. गोमारच्या चेहऱ्यावर बाळंतपण करून आलेल्या सुइणीचा आनंद होता.

झुल्माबाईंनी बघितलं. धुक्यातून एक गोड म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. गाठ नव्हती. सुरकुत्या नव्हत्या. नाकही जवळजवळ नव्हतं. डोक्याभोवती दुधासारखं काहीतरी तरंगत होतं.

"ही बाई कोण?" त्यांनी विचारलं. "हिच्याकडे कधी कुणी उधार मागितलं असतं तर हिने नाही म्हटलं नसतं. दोन महिन्यांत दुकान बुडवलं असतं हिने."

रूलांद म्हणाला, "आई, सगळ्यांना आवडेल हा."

"म्हणूनच नको. मी मेले म्हणून त्यांनी फुकटचं हॅम खायला यायचं, आणि वर त्यांना आवडायचंही?"

गोमारने हळूच सुचवलं की मादामनी अशा बाबतीत जाणकारांवर विसंबावं. यावर झुल्माबाई काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. दुकानात मांस खराब निघाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांशी त्या असंच बोलायच्या. गोमारने लेन्स मखमलीत गुंडाळली, केकचा उरलेला तुकडा मात्र सोडला नाही, आणि आपण मंडळात याबद्दल बोलू असं रूलांदला सांगून तो गेला. मंडळात बोलून गावातली एक तरी गोष्ट कधी झाली असेल तर ती झुल्माबाईंच्या कानावर आली नव्हती.

आता उजेड उतरायला लागला होता. रूलांद लेन्सांच्या रांगेसमोर उभा होता आणि प्रत्येकीला हात लावून परत ठेवत होता. तो तसा उभा राहिला की बाईंना त्याच्या बापाची आठवण यायची. लग्नाला होकार द्यायला त्या माणसाने तीन वर्षं घेतली होती.

"ती कुठली?" त्यांनी कपाटाखालच्या काळ्या डब्याकडे बोट केलं.

ती नको, रूलांद म्हणाला. ती पाचवी, एका बंद पडलेल्या छापखान्यातून आली होती. नकाशांच्या नकला काढायची लेन्स. लांबी बरोबर होती, भात्यात बसत होती, पण तिला ना पितळ, ना इतिहास. फार स्पष्ट दाखवते, माणसांसाठी नाहीच ती. मंडळात कुणी ती वापरत नाही. शिवाय ती उजेड आत येण्याचं छिद्र लहान करून वापरायची, म्हणजे चार-पाच सेकंद तुला हलता येणार नाही.

"लाव," झुल्माबाई म्हणाल्या. "नकाशाच हवाय मला."

त्याने लावली. बराच वेळ कापडाखाली राहिला, मग बाहेर आला, फिल्म घातली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहिला. या लेन्सला झडप नव्हती. झाकण काढायचं, सेकंद मोजायचे, झाकण लावायचं. झुल्माबाईंनी तेवढ्यात आपला चेहरा तयार केला. महिनाभर आरशासमोर घोटलेला चेहरा होता तो. ओठ बंद, हनुवटी किंचित वर, आणि डोळ्यांत, ये बाबा, तुला मी ओळखून आहे. जो कुणी पुस्तक उघडेल त्याला हे ऐकू जायलाच हवं होतं.

"आता," रूलांद म्हणाला आणि त्याने झाकण काढलं.

तो ओठ हलवत मोजत होता. आवाज न करता, लहानपणी गल्ल्यामागे उभा राहून सॉसेज मोजायचा तसाच. शर्टाची बटणं एक घर चुकून लावली होती त्याने, सकाळपासून तसाच वावरत होता आणि गोमारनेही सांगितलं नव्हतं. मंगळवारनंतर, किंवा त्यानंतरच्या कुठल्या तरी दिवसानंतर, याला हे सांगणारं कुणी राहणार नाही, असं झुल्माबाईंच्या मनात आलं. त्यांना त्याचा राग आला. एवढा मोठा माणूस, आणि देवाने त्याला घरात एकही कठोर माणूस शिल्लक ठेवला नाही. मग त्याने झाकण लावलं.

तळघरातून तो या वेळी एकटाच वर आला. कागद टेबलावर पसरून त्याने लगेच भिंग डोळ्याला लावलं आणि कागदावर वाकला. झुल्माबाईंना त्याच्या खांद्यावरून बघावं लागलं.

सगळं होतं. प्रत्येक सुरकुती, ओठावरचे केस, जबड्याखालची गाठ. नाक त्यांचंच होतं. पण घोटलेला चेहरा कुठेच नव्हता. हनुवटी खाली आली होती. डोळे जरा बाजूला वळले होते, आणि त्यांत जे होतं ते झुल्माबाईंनी त्रेसष्ट वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं, ज्याच्यासाठी होतं त्याला तर नाहीच. त्यांना भर दिवाणखान्यात लाज वाटली. आणि लाजेच्या मागून असं प्रेम दाटून आलं की त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"पापण्या एकदम धारदार आल्यात," रूलांद भिंगातून म्हणाला. "कान थोडा निसटला. आणि एक मोठी चूक झाली, आई. माझीच. तुला सांगायला हवं होतं की लेन्सकडे बघ. तुझी नजर भलतीकडेच गेली आहे."

"कुठे गेली?"

त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. "कॅमेऱ्याच्या डावीकडे. तिथे काही नव्हतं. म्हणजे, मी झाकण घेऊन उभा होतो तिथे." तो पुन्हा कागदावर वाकला. "उद्या सकाळी उजेड चांगला असेल, परत काढू. गोमारकडे अजून एक लेन्स आहे."

काय हे ध्यान, झुल्माबाईंच्या मनात आलं. त्यांनी हात पुढे केला आणि त्याचं वरचं बटण काढून बरोबर घरात घातलं.

"हाच छाप," त्या म्हणाल्या.

"पण लोक विचारतील ना, बाई बघतेय कुठे म्हणून."

"विचारू देत. मला पुरून आल्यावर कॉफी पिताना दहा जण तुला तेच विचारतील. दहाव्याला तरी नीट उत्तर दे, गाढवा."