मशीनचं नंतर बघू

आमची कंपनी घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं बनवते आणि त्यांच्या माहितीपुस्तिका मी लिहिते. हाताखाली एक लेखक हवा होता. येईल त्या उमेदवाराला मी एकच काम देते: मशीन अचानक बंद पडलं तर घरच्यांनी काय करायचं, ते एका पानात लिहा. ती पानं मी घरी नेते. माझ्या आईला हेच मशीन लावलंय. दुपारी ती तासभर मशीनशिवाय बसू शकते. तेव्हा मशीन बंद करायचं, बाबांच्या हातात पान द्यायचं आणि घड्याळ लावून आपण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

या वेळी दोघं उरले होते. एक बटणबहाद्दर, सात सॉफ्टवेअर कोळून प्यायलेला. त्याच्या पानावर रंगीत चौकटी होत्या, बाण होते, प्रस्तावनासुद्धा होती. शेजारी ठेवलेल्या राखीव सिलिंडरला नळी लावायची गोष्ट नवव्या पायरीवर. बाबांना साडेचार मिनिटं लागली आणि घाम फुटला तो वेगळाच.

दुसऱ्या नर्सबाई. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, आता कंबरेमुळे उभं राहवत नाही म्हणून बसून करायचं काम शोधत होत्या. त्यांनी पेनाने लिहिलं होतं: 'आधी नळी मशीनमधून काढून सिलिंडरला लावा. सिलिंडर उघडा. मशीनचं नंतर बघू.' बाबांना चाळीस सेकंद लागले. आईने तो कागद ठेवूनच घेतला.

"पण मॅडम, त्यांना सॉफ्टवेअर कुठे येतं?" भरतीवाले साहेब म्हणाले. "फॉर्मचे सातही रकाने रिकामे!"

"अहो, ते मी पंधरा दिवसांत शिकवीन. लिहायचं कसं ते त्या पोराला कोण शिकवणार? तुम्ही?"

"नियम आहे. आणि पुस्तिका महिनाअखेरीस छापायला जायचीय. त्या मुलाच्या नेमणुकीवर सही करताय ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर हात आपटला, नाही नाही ते बोलले. आणि शेवटी केली सही. कसली मी तरी! नर्सबाईंना नकाराचा फोनही मलाच करावा लागला. त्यांनी एवढंच विचारलं, "माझं काही चुकलं का लिहिताना?"

"नाही हो," म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन महिन्यांनी बटणबहाद्दराची नवी पुस्तिका घरोघरी गेली, आमच्याही घरी आली. तोवर आईचा दम वाढला होता, मशीनशिवाय तिला आता पाच मिनिटंही निघत नव्हती. मग एका दुपारी ऑफिसात बाबांचा फोन.

"मशीन बंद पडलं गं. घाबरू नकोस, आता बरी आहे ती."

"सिलिंडर लावलात?"

"लावला. तुझी ती पुस्तिका उलटीसुलटी चाळली, मेलं काही सापडेना! इकडे हिचे ओठ निळे पडायला लागलेले. शेवटी हिनेच उशीखालचा तो कागद माझ्या हातात कोंबला."

मग आईने फोन घेतला. धाप अजून पुरती गेली नव्हती.

"त्या नर्सबाईंना सांग हो, म्हणावं जीव वाचवलात. तुझ्या शेजारीच बसत असतील ना?"

शेजारच्या खुर्चीत बहाद्दर दोन निळ्या रंगांतला कुठला घ्यावा, याचा विचार करत होता.

"हो आई," मी म्हटलं. "सांगते."