पुढच्या चाकांची धूळ

लाउका गावात तार्मोला कुणी हौसेने जेवायला बोलावत नसे, आणि त्याबद्दल तार्मोची काही तक्रारही नव्हती. एकतीस वर्षं तो वाहन तपासणी केंद्रात तपासनीस होता. ब्रेकच्या नळीवर गंजाचा ठिपका दिसला की गाडी नापास. चर्चच्या पाद्रीबाईंची गाडी त्याने नाताळच्या आदल्या दिवशी नापास केली होती आणि बाई प्रवचनाला बर्फातून चालत गेल्या होत्या. लोक म्हणायचे, हा मेला तर स्वर्गाच्या फाटकाच्या बिजागऱ्या आधी हलवून बघेल, मगच आत जाईल.

नापास गाडीच्या कागदावर तळाशी एक छापील ओळ असे : 'एक महिन्याच्या आत दोष दूर करून गाडी पुन्हा तपासणीस आणावी.' जी गाडी दुरुस्तीपलीकडे गेलेली असे, तिच्या कागदावरची ही ओळ तार्मो पट्टी धरून खोडून टाकायचा. उगाच कुणाला आशेला लावून ठेवायचं नाही, असा त्याचा खाक्या होता.

सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यालाही त्याने सोडलं नव्हतं. हिल्काचा नवरा इल्पो हा गावचा रॅलीवाला, गाड्यांच्या शर्यतीतला गडी. खडीच्या रस्त्यावर गाडी आडवी घालून वळण काढावं ते त्यानेच. सव्वीस वर्षांपूर्वी शर्यत तीन दिवसांवर असताना तार्मोने त्याची गाडी नापास केली होती. पुढचं चाक धरून ठेवणारा सांधा, बॉल जॉइंट, ढिला होता. इल्पोची शर्यत हुकली. त्यावरून दोन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. शेवटी हिल्कानेच दोघांना सौनामध्ये, वाफेच्या स्नानाच्या खोलीत, कोंडलं आणि 'बोलल्याशिवाय दार उघडणार नाही' असं सांगून बाहेर वीणकाम घेऊन बसली. वाफेपुढे दोघांनी हात टेकले.

तर असा हा तार्मो गेले चार महिने दर शनिवारी एक गाडी खोटी पास करत होता.

दीड वर्षापूर्वी इल्पोचा डावा पाय अडखळायला लागला. तो म्हणाला, बूट जुने झालेत. मग डाव्या हातातून कॉफीचा कप सुटला. डॉक्टरांनी ज्याचं नाव सांगितलं तो आजार स्नायू खात जाणारा होता, आणि त्याला थांबवणारं औषध नव्हतं. इल्पोने गाडी चालवण्याचा परवाना आपणहून पोलिसांकडे नेऊन दिला. त्या संध्याकाळी तो अंगणातल्या गाडीत बसून राहिला, किल्लीशिवाय. हिल्काने खिडकीतून पाहिलं आणि भावाला फोन केला.

तार्मोला आजारातलं काही कळत नव्हतं. गाडीतलं कळत होतं. त्याने शहरात जाऊन दोन गेम मशीन आणली, एक इल्पोला आणि एक स्वतःला, आणि दुकानातल्या मुलीने सुचवलेला शर्यतीचा गेम घेतला. त्या गेममध्ये गाडीचं सगळं काही बदलता येई : टायरमधली हवा, स्प्रिंगचा ताठपणा, इंजिनची ताकद पुढे किती आणि मागे किती. तार्मोला तर घबाडच सापडलं. ते पाहून इल्पो म्हणाला, "जन्मभर लोकांच्या गाड्यांतल्या चुका काढल्यास. आता एक तरी सरळ करून दाखव."

गेममध्ये खडीचा एक उतार होता. दोन्ही बाजूंना बर्चची झाडं आणि शेवटी डावीकडे तीव्र वळण. इल्पोने ते बघताक्षणी नाव ठेवलं : डेअरीचं वळण. गावातल्या जुन्या डेअरीसमोर अगदी असंच वळण होतं, आणि तरुणपणी इल्पोने तिथे गाडी आडवी घालत थेट दुधाच्या कॅनांमध्ये घुसवली होती. गाव अजून ते चवीने सांगतं. गेममधल्या वळणावर गाडी जितकी आडवी आणि जितका वेळ आडवी, तितके गुण मिळत. खेळणारे त्याला ड्रिफ्ट म्हणत.

मागच्याच दोन चाकांना ताकद असलेली गाडी एकदा आडवी झाली की तिला स्टिअरिंगने क्षणोक्षणी सावरावं लागतं. इल्पोचा डावा अंगठा त्या लायक राहिला नव्हता आणि कंट्रोलरवर स्टिअरिंग डाव्या अंगठ्याकडेच असतं. म्हणून तार्मोने चारही चाकांना ताकद असलेली गाडी निवडली. अशी गाडी आडवी असताना गॅस दिला की पुढची चाकं तिला नाकाला धरून बाहेर ओढतात. स्टिअरिंगचं अर्धं काम उजव्या बोटाच्या गॅसवर भागतं. आठवडाभर खपून त्याने मागे अठ्ठ्याऐंशी टक्के आणि पुढे बारा टक्के ताकद ठेवली, मागच्या टायरमध्ये हवा जास्त भरली, पुढच्या स्प्रिंग सैल केल्या. निवृत्त होताना त्याने जुन्या, आता कुणाला नको असलेल्या तपासणीच्या कागदांचे दोन गठ्ठे घरी आणले होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो हे आकडे लिहून ठेवायचा.

पहिल्याच शनिवारी इल्पोने डेअरीच्या वळणावर एक्क्याण्णव हजार गुण काढले. ऑनलाइन खेळणाऱ्या कुण्या पोराने लिहिलं, 'चार चाकांवर ड्रिफ्ट म्हणजे काठी टेकत नाचणं.' इल्पोने एका बोटाने उत्तर टाइप केलं, 'मी काठीच टेकतो, लेका. ये नाचायला.' तो दिवस चांगला गेला.

इल्पो आकडे उघडून एकेकावर हुज्जत घालायचा, म्हणून तार्मोने पुढची सेटिंग कुलूप लावून पाठवायला सुरुवात केली. तशी सोय होती : ज्याला पाठवाल त्याला गाडी चालवता येते, आतले आकडे दिसत नाहीत. "तू नुसती चालव," तो म्हणाला. तेव्हा मनात काही नव्हतं.

जानेवारीत इल्पोचा अंगठा आणखी ढिला पडला. गाडी वळणावर गरगर फिरून झाडांवर आदळायला लागली. इल्पो कंट्रोलर मांडीवर ठेवून बाहेरच्या गोठलेल्या तळ्याकडे बघत बसला. त्या रात्री तार्मोला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या चाकांची ताकद तीस टक्के केली, म्हणजे गाडी आडवी कमी होईल, पण गरगर फिरणार नाही. शनिवारी गाडी वळणावरून गेली, झाडावर आदळली नाही. गुण एकसष्ट हजार.

"कमी कसे झाले?" इल्पोने विचारलं.

"गेमवाल्यांनी अपडेट टाकलंय. गुण मोजायची पद्धत बदलली," तार्मो म्हणाला. बोलताना त्याचे कान लाल झाले. खोटं बोलायची सवय नसली की असंच होतं. पण पुढच्या वेळी कान तितके लाल झाले नाहीत.

फेब्रुवारीत पुढे चाळीस टक्के, मार्चमध्ये पंचावन्न. आजार एक पाऊल पुढे आला की तार्मो दहा-पंधरा टक्के पुढे सरकवायचा. आपण त्याला गाठू शकत नाही हे त्याला कळत होतं. कागदावर लिहिताना ते त्याला स्पष्ट दिसायचं. एका रांगेत आकडे, दुसऱ्या रांगेत इल्पोचे गुण, आणि आकडे कितीही वाढवले तरी गुण खाली यायचा वेग तोच. त्याने आयुष्यात इतकं काम कधी केलं नव्हतं आणि इतका निरुपयोगी तो कधी नव्हता. हिल्का एकदा फोनवर म्हणाली, "शनिवारच्या जोरावर तो आठवडा काढतो रे." त्यानंतर तर थांबणं शक्यच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तार्मो त्यांच्या घरी गेला तेव्हा तळ्यावरचा बर्फ काठापासून सुटला होता. मे महिन्याचा सण दोन दिवसांवर होता आणि हिल्का स्वयंपाकघरात डोनट तळून साखरेत घोळवत होती. इल्पो चाकाच्या खुर्चीत टीव्हीसमोर होता. त्याचा डावा हात हिल्काने उचलून कंट्रोलरवर ठेवला, अंगठा जागेवर नेऊन दिला, आणि ती परत तळायला गेली.

"नवीन आणलीस?" इल्पोने विचारलं. आता त्याचे शब्द थोडे ओले आणि जड यायचे.

"आणली. यात मागचं सस्पेन्शन बदललंय."

सस्पेन्शनला त्याने हातही लावला नव्हता. पुढे सत्तर टक्के ताकद केली होती.

इल्पोने गॅस दिला. गाडी उतारावरून आली, वळणाशी किंचित तिरकी झाली आणि टपालाच्या बससारखी शिस्तीत वळून पलीकडे गेली. गुण चार हजार.

"गेली की!" तार्मो मोठ्याने म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

इल्पोने उजव्या बोटाने रीप्ले लावला. गाडी बाहेरून दिसू लागली, उतारावरून येणारी. वळणाशी त्याने चित्र थांबवलं.

"तपासनीस, काय दिसतंय?"

"गाडी."

"धूळ कुठून उडतेय?"

तार्मोने नजर खिडकीकडे वळवली.

"पुढच्या चाकांतून," इल्पो म्हणाला. "जानेवारीपासून बघतोय. आधी मागून उडायची, भिंतीसारखी. मग थोडी पुढून. आता मागे धूळच नाही. आकड्यांना कुलूप लावलंस शहाण्या, धुळीला कसं लावणार? पुढे किती आहे?"

"पंचेचाळीस."

"तार्मो."

"सत्तर."

स्वयंपाकघरातला तेलाचा चुरचुर आवाज थांबला. हिल्का दारात येऊन उभी राहिली, हाताला साखर.

"मग हे मी नाही चालवत," इल्पो म्हणाला. "गाडी मला फिरवून आणतेय. म्हाताऱ्याला बागेत नेतात तशी."

"मला दुसरं काय येतं?" तार्मो एकदम ओरडला. "सांग ना! डॉक्टर आहे का मी? तुझा हात मला दुरुस्त करता येत नाही. गाडी येते, ती केली. तू त्या तळ्याकडे बघत बसायचास, ते मला बघवत नव्हतं." त्याला रडू फुटलं. एकतीस वर्षं ज्याच्यासमोर लोक रडत आले, तो डोनटच्या वासात बाहीने नाक पुसत राहिला.

इल्पोने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "तो बॉल जॉइंट आठवतो?"

"त्याचं आता काय?"

"तू नापास केलीस त्या संध्याकाळी मी तो काढायला गेलो. पाना लावायच्या आधीच हातात आला. तीन दिवसांनी मी ताशी दीडशेने झाडात असतो. दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही, ते तू चुकलास म्हणून नव्हे. तुझं बरोबर होतं म्हणून."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू डोक्यावर चढून बसला असतास." इल्पोने दम घेतला. "सगळे गोड बोलतात. नर्स म्हणते, आज छान दिसताय. हिल्का म्हणते, आमची पोरगी म्हणते. मी म्हटलं, चला, एक तरी मेला खरं बोलणारा आहे घरात. आणि तू निघालास त्यांच्यातलाच. पहिली गाडी दे. अठ्ठ्याऐंशी-बारा."

"जमणार नाही तुला ती."

"आता कसं बोललास!" इल्पो म्हणाला.

तार्मोने पहिली सेटिंग लावली. गाडी उतारावरून सुटली आणि वळणाच्या आधीच मागचा भाग बाहेर गेला. क्षणभर ती पूर्ण आडवी होती, मागे धुळीची भिंत उभी राहिली, आणि इल्पोचा चेहरा कॅनांमध्ये घुसणाऱ्या त्या तरुणाचा झाला. डावा अंगठा हलला नाही. त्याने जोर लावलेला मानेच्या शिरांवरून दिसला, पण अंगठा होता तिथेच पडून राहिला. गाडी गरकन फिरली, पुन्हा फिरली आणि बर्चच्या झाडांत गेली. गुण शून्य. त्याने परत सुरू केली. परत शून्य. पाचव्यांदा कंट्रोलर मांडीवरून घसरून खाली पडला आणि कुणी उचलला नाही.

"कागद आहे खिशात?" इल्पोने विचारलं.

"कसला?"

"नाटक करू नकोस. आकडे ज्याच्या पाठीवर लिहितोस, तो. उलटा कर आणि भर."

"इल्पो, असलं काहीतरी नको."

"भर, दादा," दारातून हिल्का म्हणाली. 

तार्मोने घडी उलगडली, टेबलावर सरळ केली. एका बाजूला सत्तर टक्के, दुसऱ्या बाजूला छापील रकाने. त्याने तारीख घातली. मालकाचं नाव लिहिलं. इंजिन : ठीक. दिवे : ठीक. इल्पो म्हणाला, "दिवे अजून बरे आहेत, हे खरं." स्टिअरिंगच्या रकान्याशी पेन थांबलं. मग त्याने लिहिलं : डावी बाजू निकामी. निकाल : नापास. खाली सही केली, तीच जुनी, एका फटकाऱ्यातली.

"झालं," तो म्हणाला.

"नाही झालं. तळाची ओळ."

तार्मोने वाचली नाही. ती त्याला पाठ होती. एक महिन्याच्या आत दोष दूर करून. त्याने इल्पोकडे पाहिलं. इल्पो त्याच्याकडेच बघत होता, गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर ती उभी करून लोक बघायचे तसा. फरक एवढाच, की त्याच्या नजरेत विनवणी होती ती उलट गोष्टीची.

"नियम तुला ठाऊक आहे," इल्पो म्हणाला. "उगाच आशेला लावायचं नाही."

पट्टी नव्हती. हिल्काने मासिक पुढे केलं, त्याची कड लावून तार्मोने रेघ ओढायला सुरुवात केली. निम्म्यात पेन घसरलं आणि रेघ खाली वळून कागदाच्या काठावरून निघून गेली.

इल्पो मान पुढे काढून बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला.

"वाकडी आली," तो म्हणाला.

"हो."

"हात थरथरतोय तुझा. कुणाला तरी दाखवून घे." आणि मग, हिल्काकडे वळून, "त्याला आधी दे गं डोनट. मला भरवायला वेळ लागतो."