जळकं ऑइल

चहावर तवंग होता. निळा, जांभळा, फुटून पुन्हा जुळणारा. दोन घोट घेतल्यावर ताईला तो दिसला. भांडं नीट विसळलं नसेल, असं म्हणून तिने कप धाकट्या भावाच्या पायरीवर ठेवला आणि ती शेडकडे वळली.

शेडमध्ये वडिलांचा ट्रॅक्टर. दोघा भावंडांचा, पण दोन वर्षं धाकट्याच्या ताब्यातला. उद्यापासून ताईच्या वाट्याची नांगरट धरायची होती आणि सकाळपासून इंजिन आतून ठकठकत होतं. ते बसलं तर यंदाची पेरणीही बसली.

वडील रोज चालू करण्याआधी तेलाची पट्टी ओढायचे. पुसायचे, बुडवायचे, पुन्हा ओढायचे. नुसती पातळी बघून त्यांचं भागत नसे. थेंब चिमटीत चोळायचे, नाकाशी न्यायचे. तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसं.

बोलावून आणलेल्या मिस्त्रीने इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट सोडला. काहीच पडलं नाही. त्याने तार खुपसली, तेव्हा एक काळी लोळी सावकाश खाली उतरली, ओल्या जळवेसारखी. करपट, आंबूस वास सुटला. लोळीत एक माशी होती, केस होते. मिस्त्रीने चिमूटभर गाळ उन्हात धरला.

"ताई, हा चहाचा चोथा आहे."

"ऑइल कधी बदललं होतंस?" ताईने विचारलं.

"वेळच्या वेळी," धाकटा म्हणाला. "काढतो, गाळतो, परत ओततो. टाकून कशाला द्यायचं?"

"कशाने गाळतोस?"

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "डिझेलने धुऊन ठेवतो की जागेवर."

दारात उभी असलेली भावजय हळूच म्हणाली, "त्या वासापायी मी तीन साबण बदलले."

ताईच्या घशाशी दोन्ही घोट आले. ती चाकाआड जाऊन थुंकली, थुंकतच राहिली.

"काय बाई सोवळ्या तुम्ही," धाकटा हसला आणि बरबटलेलं बोट त्याने वडिलांच्या सीटला पुसलं.

ताईने ते पाहिलं.

"बेअरिंगं ओरखडलीत, गेली नाहीत," मिस्त्री म्हणाला. "अजून चार दिवस असाच चालवला असता तर मातीच द्यावी लागली असती." त्याने चेंबर उतरवून पत्र्याने खरवडला, नवा फिल्टर बसवला, नवं ऑइल भरलं. ऊन कलताना इंजिन चालू केलं, ठकठक नव्हती.

बंद करून ताईने पट्टी ओढली. मधाच्या रंगाचा थेंब चिमटीत चोळला. मग सीट पुसली. डाग गेला नाही. ती त्यावरच फडकं टाकून बसली.

"आजपासून हा माझ्या शेडमध्ये."

"आणि माझी नांगरट?"

"मी येईन चालवत. तू पट्टीला हात लावायचा नाहीस."

धाकट्याने मान खाजवली. "बरं, चहा तरी ठेव गं," तो बायकोला म्हणाला.

भावजयीने गाळणी आणली, जळक्या ऑइलच्या डब्यात टाकली आणि मडगार्डवर चढून बसली.

"ताई, दुकानापर्यंत सोडा मला," ती म्हणाली. "गाळणी घ्यायची आहे."