मॅडम बघत असेपर्यंत

मॅडम यायच्या आदल्या दिवशी मालकांनी बाइंडिंगच्या कारखान्यातल्या सगळ्यांना खळीच्या टेबलाभोवती गोळा केलं आणि घसा खाकरला.

"विद्यापीठातून मानसशास्त्राच्या एक मॅडम येणार आहेत. कामाच्या जागी माणसं एकमेकांशी कशी वागतात, त्याने त्यांच्या मनाचं बरंवाईट काय होतं, यावर त्यांचं संशोधन आहे. महिनाभर बसतील. तेव्हा..." मालकांनी शिलाईवालीकडे पाहिलं, मग सुपरवायझरबाईकडे पाहिलं. "तेव्हा जरा माणसांसारखं बोला एकमेकांशी. कारखान्याची अब्रू आहे."

"म्हणजे महिनाभर माणसं, पुढे परत आपण आपले," खळकाका म्हणाले. पुठ्ठ्यांना खळ लावण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण तोंड काही चिकटलं नव्हतं.

शिलाईवाली हसली नाही. सुपरवायझरबाईही हसली नाही. एके काळी या दोघींचं हसू थांबवायला मालकांना केबिनमधून बाहेर यावं लागायचं.

तेव्हा सुपरवायझरबाई सुपरवायझर नव्हती, घडीवाली होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालून ती फर्मे करायची आणि शेजारी सरकवायची. शेजारी शिलाईवाली ते फर्मे दोऱ्याने एकमेकांना शिवायची, की झालं पुस्तक. एकीचा हात थांबला की दुसरीचा आपसूक थांबे. दोघी कामाला लागल्या एकाच दिवशी, जेवल्या एकाच डब्यात, आणि सगळा कारखाना त्यांना 'जोडपान' म्हणायचा.

मग जुने सुपरवायझर निवृत्त झाले आणि ती जागा घडीवालीला मिळाली. शिलाईवालीला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. तिने शपथेवर सांगितलं असतं, पण कोणी विचारलंच नाही; तिच्या पोटात दुखतंय असं सगळे धरूनच चालले. खरं घडलं ते एवढंसं होतं. तिच्या हातून एक फर्मा उलटा शिवला गेला. घडीवाली ते पुस्तक घेऊन आली, मागे मालक उभे, आणि ती म्हणाली, "अहो, हे उसवा. बघून शिवत जा तुम्ही."

उसवायला शिलाईवालीची ना नव्हती. चूक ती चूक. पण अहो?

नवऱ्याला अहो म्हणण्यात तिची हयात गेली होती. पोस्टातल्या साहेबाला, डॉक्टरला, जिन्यात भेटणाऱ्या कोणालाही ती अहो म्हणायची, तिचं काही जात नव्हतं. पण बाळंतपणात जिने आपली वेणी घातली, तिच्या तोंडून ते ऐकलं आणि तिला वाटलं, आतून कोणीतरी दाराला कडी घातली. "बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. झालं. तेव्हापासून दोघींचं सगळं बोलणं खळकाकांमार्फत. "काका, त्यांना सांगा, जाड दोरा संपला." आणि 'त्या' दोन हातांवर उभ्या.

तर मॅडम आल्या. शिलाईवाली बघते तर अगदीच कोवळी पोर. खिडकीजवळच्या कोपऱ्यात त्यांना लोखंडी खुर्ची दिली.

"मी इथे नाहीच असं समजा," मॅडम म्हणाल्या.

"नाहीच समजायचं, तर चहा कोणाला द्यायचा?" खळकाकांनी विचारलं.

थोड्या वेळाने घडीवाली शिलाईच्या टेबलापाशी आली. कोपऱ्याकडे एक नजर टाकली आणि गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हणाली, "अगं, दोरा पुरतोय ना तुला?"

शिलाईवालीला सुई टोचली. शाळेच्या नाटकात पाठ केलेलं बोलावं तसं ती म्हणाली, "पुरतोय की गं." खळकाकांच्या हातातला ब्रश तसाच राहिला आणि खळ त्यांच्या चपलेवर ओघळली.

पहिले काही दिवस नाटकच चाललं. पण रोज रोज दोऱ्याबद्दल तरी किती विचारणार? एके दिवशी घडीवाली म्हणाली, "गुडघा काय म्हणतो तुझा?" दुसऱ्या दिवशी, "अगं, ही कोबीची भाजी अजून तशीच आळणी करतेस?" आणि डब्यातली निम्मी भाजी तिने संपवलीसुद्धा. शिलाईवाली म्हणाली, "आळणी आहे तर ठेव खाली, मेले." म्हणाली आणि दचकली. हे मेले कोणी शिकवलेलं नव्हतं.

सकाळी ती आरशासमोर जास्त वेळ घालवू लागली. नवरा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, "काय गं, कारखान्यात लग्नबिग्न आहे का कोणाचं?"

"तुम्ही वाचा हो गपचूप."

दिवसभरात कानावर पडलेलं एकेक अगं ती संध्याकाळी घरी जाताना पुन्हा पुन्हा मनात बोलून बघायची. कुठलं नाटकातलं आणि कुठलं खरं, हे आवाजावरून ओळखता येतं का ते बघायची. यायचं नाही. मग वाटायचं, खोटं तर खोटं, चालू दे.

मधे एक दिवस मॅडम आल्याच नाहीत. सर्दीतापाने आजारी असल्याचा निरोप आला. खुर्ची रिकामी. त्या दिवशी घडीवाली टेबलाजवळून दोनदा गेली आणि काही बोलली नाही. शिलाईवालीच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. दुपारी खळकाका सवयीने मधे येऊन उभे राहिले. "काही सांगायचंय का त्यांना?" त्यांनी हळूच विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. डबा तिने तसाच बंद केला. म्हणजे हे सगळं त्या खुर्चीपुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम नाक पुसत आल्या तर शिलाईवाली दारातच उभी. हातात घरून आणलेली लोकरी शाल. "ही घ्या आधी अंगावर. आणि कानाला बांधत जा काहीतरी. तुम्ही आजारी पडून चालायचं नाही, मॅडम."

मॅडमचे डोळे भरून आले. "मावशी, किती माया लावता तुम्ही!"

शिलाईवालीला ओशाळल्यासारखं झालं. माया होती, नाही असं नाही. पण ती थोडी घडीवालीच्या वाट्याची, शेजारून वाहून आलेली होती.

महिना संपत आला तेव्हा मॅडमनी एकेकाला मालकांच्या केबिनमध्ये बोलावलं. शिलाईवालीला विचारलं, "मन मोकळं करावं असं इथे तुमचं कोणी आहे?"

"आहे."

"कोण?"

"आमची सुपरवायझरबाई." उत्तर विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं होतं. खोटं बोलताना असं होत नसावं.

"मॅडम," ती मग म्हणाली, "अजून थोडे दिवस नाही का थांबता येणार?"

"काम संपलं की हो माझं."

"नाही, म्हणजे... तुम्ही बघताय म्हणून माणसं गोड वागत असतील तर? तुम्हाला कसं कळणार?"

मॅडम हसल्या. "आम्हालाही तीच धास्ती असते. म्हणून सुरुवातीचे दिवस मी धरतच नाही. कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस सावरून बसतो. पण कामाच्या रगाड्यात फार दिवस नाही सावरता येत. पुढे दिसतं ते बहुतेक खरंच असतं."

"बहुतेक?"

"बहुतेक. खात्री असती तर मी कशाला आले असते, मावशी?"

ते बहुतेक घेऊन शिलाईवाली घरी गेली. रात्री कूस बदलली की तेही तिच्याबरोबर कूस बदलायचं.

मॅडम गेल्या. शाल घडी करून खुर्चीवर ठेवून गेल्या होत्या. सकाळभर कारखान्यात यंत्रांचाच आवाज. घडीवाली आली, गठ्ठा उचलला, गेली. शिलाईवालीची सुई चालली होती आणि नजर कोपऱ्यात होती. अशात फर्मा उलटा शिवला जायचा तो शिवला गेलाच. मुद्दाम की चुकून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

जेवणाआधी घडीवाली ते पुस्तक हातात घेऊन पुढ्यात येऊन उभी राहिली. खळकाकांनी ब्रश खाली ठेवला.

घडीवालीने तोंड उघडलं, मिटलं. वळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"हे उसवायला लागेल," ती म्हणाली. यात ना तू होतं ना तुम्ही. बाई दोन्हींच्या मधे, उंबऱ्यावर उभी होती.

शिलाईवालीने मान वर केली. "कोणाला सांगताय? मला की काकांना?"

"काकांना कशाला सांगू?" घडीवालीचा आवाज चिरकला. "तुलाच सांगतेय, ए बये! डोळे कुठे होते तुझे?"

"कोपऱ्यात."

"माझेही तिथेच होते," घडीवाली पुटपुटली. "सकाळपासून."

खळकाकांना एकाएकी मागच्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

घडीवालीने कोपऱ्यातली खुर्ची फरफटत आणली, शाल शिलाईवालीच्या मांडीवर टाकली आणि शेजारी बसली. शिलाईवाली दोरा उसवू लागली. एरवी हे काम ती झटकन उरकायची. आज एकेक टाका अगदी सावकाश काढत होती. फर्मा सुटला तसा घडीवालीने तो हातात घेतला आणि पूर्वीसारखाच नखाने त्याच्या घडीवरून दाब दिला.

"अगं, हळू," शिलाईवाली म्हणाली. "फाटेल."