ताटलीतला जिन

रविवारी सकाळी अकरा वाजता टेक्ससमधल्या प्लेनोत मुनिराच्या घरासमोर एवढ्या गाड्या लागल्या होत्या, की शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याला वाटलं, घर विकायला काढलंय. गराजमध्ये चपला-बुटांचा ढीग आणि हॉलमध्ये चाळीस माणसं: सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर, बहुतेक आमच्याच रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. मधोमध गालिच्यावर जिन उतरवणारे नूरबावा, आणि त्यांच्यासमोर माझी चौदा वर्षांची भाची झैनब, मान खाली घालून.

झैनबला लहानपणापासून फिट्स येतात. गोळ्यांमुळे त्या वर्षाकाठी एक-दोनवर आल्या होत्या. सात आठवड्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीनं, मुनिरानं, त्या गोळ्याच बंद केल्या. बावांची अट होती: "दवा और दुआ एक बर्तन में नहीं रहते."

बावांनी पांढऱ्या ताटलीवर केशरानं चार ओळी लिहिल्या. मग हिरव्या झाकणाच्या बाटलीतलं फुंकर घातलेलं पाणी ओतलं, आणि पिवळी अक्षरं लालभडक झाली.

"देखो! सातवा संडे, अजून लाल! हा जिन टेक्ससचा नाही, तुमच्या चेक-इन बॅगेतून आलाय. गावच्या चिंचेवरचा आहे. बडा जिद्दी है."

"सुभानअल्लाह," मागून एक डॉक्टर पुटपुटले. हेच माझं ब्लडप्रेशर तपासतात. त्या दिवशी मला माझ्याच ब्लडप्रेशरची काळजी वाटली.

लाल पाणी प्यायचं नाही, मागच्या लॉनवर ओतायचं. अकराव्या रविवारी पाणी पिवळंच राहील, ते मुलीनं प्यायचं, की जिन गेला. म्हणे.

मी इथल्या हायस्कुलात केमिस्ट्री शिकवते. पण मला ही ताटली ओळखू यायला केमिस्ट्री लागली नाही. आमचे नाना, म्हणजे आईचे वडील, खेड तालुक्यात मास्तर होते. मुलींना शाळेत घाला, तोंडी तलाक बंद करा, आकडी आली तर डॉक्टरकडे न्या, असं सांगत ते गावोगाव फिरले. यात जिन नाही हे पटवायला दर उन्हाळ्यात दर्ग्याबाहेर बसून अशीच ताटली लाल करून दाखवत. जमातीनं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. नाना गेले तेव्हा जनाज्याला घराबाहेरचा जमातीतला एकही माणूस आला नाही. अब्बा आणि शाळेतले तीन हिंदू मास्तर, एवढ्यांनीच खांदा दिला.

मी उठले. मुनिराच्या मिसळणाच्या डब्यातून चमचाभर हळद घेतली, पाण्यात कालवून ताटलीवर चार रेघा ओढल्या. नळाचं पाणी ओतलं, पिवळंच राहिलं. कपडे धुण्याची पावडर पाण्यात विरघळवून ती ओतली, तर लालभडक.

"तुमच्या कुडत्यावर सालनाचा रस्सा सांडतो, तो डाग साबणानं धुताना लाल होत नाही का?" मी सगळ्यांना विचारलं. "हे केशर नाही, हळद आहे. हिरव्या झाकणाच्या बाटलीत धुण्याचा सोडा आहे, म्हणून तर ते पाणी प्यायला देत नाहीत. अकराव्या रविवारी साध्या पाण्याची बाटली उघडायची, झालं!"

मग वर लिंबू पिळलं. लाल परत पिवळं झालं.

"वॉव," झैनब म्हणाली. सात आठवड्यांत पहिल्यांदा ती हसली.

मला वाटलं, जिंकले. एवढ्यात नूरबावांनी डोळे मिटून मान डोलावली.

"माशाअल्लाह! जिन इतका ताकदवान आहे की खालाच्या ताटलीतही उतरला. और नींबू से तो जिन हमेशा भागता है."

लोकांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हणालं, "यार, लिंबाचं आमची दादीपण सांगायची." जागचं कुणी हललं नाही.

मी मुनिराला किचनमध्ये ओढलं. "तुझ्या डोळ्यांदेखत दाखवलं ना? ती हळद आहे!"

"आपा, नानांची ताटली मीच धरायचे," ती शांतपणे म्हणाली. "मला माहीत नाही का?"

"मग हे सगळं कशासाठी?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, आयुष्यभर गोळ्या. हे म्हणतात, अकरा संडे. जिन निघाला की निघाला, सगळ्यांसमोर. जिन निघालेल्या मुलीचं लग्न होतं. आकडीवालीशी कोण करणार? मला जिन बरा पडतो, आपा."

"आणि तिला फिट आली तर?"

"चार संडे राहिलेत फक्त."

निघताना झैनब दारापर्यंत आली. "खाला, सो आय कॅन टेक माय मेडिसिन नाऊ, राइट?" मी मुनिराकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.

बुधवारी शाळेच्या कॅफेटेरियात झैनबला फिट आली. वीस मिनिटं थांबली नाही. आठ दिवस ती आयसीयूत होती. आता गोळ्या सुरू आहेत, पण बोलताना तिला शब्द सापडत नाहीत. परवा फोनवर मला हाक मारायला तिला कितीतरी वेळ लागला. मुनिरा सगळ्यांना सांगते, आपानं ताटलीला हात लावला म्हणून जिन चिडला. मला आता त्या घरात जायची बंदी आहे. नूरबावांची बैठक पुढच्या गल्लीत भरते, गाड्या तेवढ्याच असतात.

मला फार आशा नाही. जिथं ताटली धरणारीच फसायला तयार आहे, तिथं ताटली दाखवून काय होणार? तरी नानांसारखं सांगून ठेवते. तुमच्या घरी हळद आहे, साबण आहे, लिंबू आहे. आज करून बघा, मुलांच्या हातून करवा. आणि कुणाच्या शब्दावरून घरातल्या कुणाचं औषध बंद केलं असेल, तर अकराव्या रविवारची वाट बघू नका. आत्ता डॉक्टरला फोन करा.